नभोवाणी-मुलाखत, संगीत नाटकविषयक

संगीत नाटकाच्या निर्मितीत प्रत्यक्ष सहभागी असलेल्या व्यक्तीशी, मग ती नाटककार, पदकार, संगीत-दिग्दर्शक, गायक नट, साथीदार किंवा नाट्यसंस्थेचा चालक असो, नभोवाणीवरून केलेले प्रश्नोत्तररूप संभाषण. असे संभाषण आधी ध्वनिमुद्रित करून व त्याची काटछाट करून मग प्रक्षेपित करता येते. किंवा बोलणे व ऐकणे एकाच क्षणी घडेल अशा रीतीने थेट प्रक्षेपित करता येते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः दुसऱ्या प्रकाराचा विचार केला आहे. साहित्यिक, शास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता यांच्या मुलाखतीहून या मुलाखतीचे स्वरूप वेगळे पडते. कारण तिच्यात बोलण्याबरोबर गाणेही असते आणि ज्या कलाकृतीविषयी बोलावयाचे ती श्रोत्याच्या डोळ्यांपुढे नसते. साहजिकच मुलाखतकाराला एकाच वेळी प्रश्नकर्ता, सूत्रधार आणि काही प्रमाणात रंगमंचाचे वर्णन करणारा कथेकरी व्हावे लागते.

या प्रकाराचे महत्त्व समजण्यासाठी संगीत नाटकाचे छापील पुस्तक उघडून पाहणे पुरेसे आहे. पदाचे शब्द त्यात असतात. पदाच्या डोक्यावर राग, ताल व ‘चाल’ यांचा उल्लेख असतो आणि ती चाल ज्या मूळ चिजेवरून किंवा गाण्यावरून घेतली तिचे आरंभीचे शब्दही पुष्कळदा दिलेले असतात. परंतु ती चीज नाटकात कशी आली, कोणी सुचविली, तालमीत ती किती वेळा बदलली, नटाच्या गळ्यासाठी कोणती जागा गाळली वा घातली, पद कोणत्या वाक्यावर उचलावयाचे, साथीदाराला इशारा कोण देत असे, यांपैकी काहीही पुस्तकात सापडत नाही. ही माहिती बहुतांशी कलावंतांच्या स्मरणात असते आणि त्यांच्याबरोबर जाते. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांच्यासारख्या संगीतकाराने आपल्या आठवणी ग्रंथरूपाने लिहून ठेवल्या; पण लेखणी चालविणारे संगीतकार थोडे. तबलजी, सारंगिये, ऑर्गनवादक, पडद्यामागे उभे राहून शब्द पुरविणारे व पेटारे वाहणारे यांनी काही लिहून ठेवल्याची उदाहरणे तर शोधावीच लागतात. अशांच्या बाबतीत कोणीतरी योग्य वेळी योग्य प्रश्न विचारणे एवढाच मार्ग उरतो. नभोवाणीची मुलाखत हा त्यासाठी उपलब्ध झालेला एक मार्ग होय. आणि तो पुरेशा गांभीर्याने वापरला गेला, असे म्हणता येत नाही.

मराठी संगीत नाटक व नभोवाणी यांच्या कालखंडांची सांगड थोडी विचित्र आहे. अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या संगीत शाकुंतल या नाटकाचा पहिला प्रयोग पुण्यास ३१ ऑक्टोबर १८८० रोजी झाला. गोविंद बल्लाळ देवल यांचे शारदा १८९९ मध्ये, कृ. प्र. खाडिलकर यांचे मानापमान १९११ मध्ये व स्वयंवर १९१६ मध्ये रंगभूमीवर आले. बालगंधर्व व केशवराव भोसले यांनी एकत्र येऊन केलेला संयुक्त मानापमानचा गाजलेला प्रयोग १९२१ मधील. मुंबईचे नभोवाणी केंद्र मात्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. बोलपटाचे युगही (१९३१ पासून) तोच दरवाजा ठोठावीत होते. म्हणजे नभोवाणी आली तेव्हा संगीत नाटकाच्या वैभवाचा काळ सरत आला होता. कंपन्यांची बिऱ्हाडे मोडत होती आणि गायक नट मैफलींकडे, ध्वनिमुद्रिकांकडे व चित्रपटांकडे वळत होते. त्यामुळे नभोवाणीने नाट्यसंगीत भरपूर ऐकविले, तरी त्यामागचे नाटक बहुधा आठवण म्हणूनच तिच्यापर्यंत पोहोचले.

आरंभीच्या काळात ध्वनिफीत नसल्याने जवळजवळ सर्वच कार्यक्रम थेट होत असत. तरीही तेव्हाच्या मुलाखतींना आजच्या अर्थाने थेट म्हणणे कठीण आहे. कारण प्रश्न व उत्तरे आधी लिहून, तपासून व तालीम करून वाचली जात. ही पद्धत केवळ भारतीय नव्हे. ब्रिटिश नभोवाणीवर १९४२ मध्ये सुरू झालेल्या आणि पाहुण्याच्या आवडीच्या ध्वनिमुद्रिका ऐकवीत त्याच्याशी गप्पा मारणाऱ्या प्रसिद्ध कार्यक्रमाचे संवादही सुरुवातीस लिहिलेलेच असत. बोलता बोलता सुचलेला प्रश्न विचारण्याची मोकळीक पुढे, ध्वनिफितीमुळे चूक पुसता येऊ लागल्यावर, हळूहळू आली. मोकळेपणा शिकविला तो ध्वनिमुद्रणाने आणि वापरता आला तो थेट प्रक्षेपणात, असा हा उलटा प्रवास आहे. अमेरिकेत शिकागोच्या एका केंद्रावर स्टड्‌स टर्केल यांनी १९५२ पासून सु. ४५ वर्षे लेखक, गायक व रंगकर्मी यांच्या दीर्घ मुलाखती घेतल्या. पाहुण्याचे पुस्तक किंवा नाटक नीट वाचून, खुणा करून मगच बसण्याचा त्यांचा परिपाठ या क्षेत्रात आदर्श मानला जातो.

नाट्यसंगीताच्या दृष्टीने आकाशवाणीच्या इतिहासातील एक प्रकरण मुद्दाम नोंदविले पाहिजे. १ मार्च १९४० पासून पेटी (हार्मोनियम) या वाद्याला नभोवाणीवर बंदी घालण्यात आली. पेटीचे स्वर स्थिर व समभाजित असल्यामुळे भारतीय संगीतातील श्रुती व मींड यांना ती मारक ठरते, असा आक्षेप जॉन फोल्ड्‌स यांनी लेख लिहून मांडला होता. रवींद्रनाथ टागोरांचाही पेटीला विरोध होता. ही बंदी १९७१ पर्यंत टिकली व नंतर अटींसह शिथिल झाली. शास्त्रीय गायकांनी सारंगीवर निभावून नेले; पण मराठी नाट्यपदाचा तर पेटी आणि ऑर्गन हा प्राणच होता. मानापमानच्या चाली देणारे टेंबे हे स्वतःच पेटीचे श्रेष्ठ वादक. पदाच्या आधीचा वाद्यमेळ, नटाचा दम संपताच सूर धरून ठेवणे, टाळ्यांच्या गजरात लय हरवू न देणे ही सर्व कामे त्या वाद्याकडे असत. या तीस वर्षांत एखाद्या पेटीवादकाने नभोवाणीवर येऊन ‘आम्ही अशी साथ करीत होतो’ हे सांगावयाचे म्हटले, तर त्याला ते तोंडानेच सांगावे लागले असते. श्रुतीविषयीचा आक्षेप शास्त्रदृष्ट्या निराधार नव्हता. तथापि त्याची किंमत नाट्यसंगीताच्या स्मृतीने मोजली, हेही खरे आहे. [⟶ हार्मोनियम].

मराठी नभोवाणीचे सुदैव असे, की तिच्या ध्वनिक्षेपणगृहांत रंगभूमी जाणणारी माणसे नोकरीस होती. पु. ल. देशपांडे यांनी काही वर्षे आकाशवाणीत काम केले. मंगेश पाडगावकर यांच्या बिल्हण या संगीतिकेला त्यांनी संगीत दिले. जितेंद्र अभिषेकी (१९२९–९८) हे मुंबई केंद्राच्या कोंकणी विभागात होते आणि पुढे मत्स्यगंधा (१९६४) या नाटकापासून त्यांनी नाट्यसंगीताचे वळणच बदलले. नागपूर केंद्राशी संबंधित असलेले पुरुषोत्तम दारव्हेकर (१९२६–९९) यांनी लिहिलेले व अभिषेकींनी स्वरबद्ध केलेले कट्यार काळजात घुसली हे नाटक १९६७ मध्ये रंगभूमीवर आले. त्यातील खाँसाहेबांची भूमिका करणारे वसंतराव देशपांडे (१९२०–८३) हे वऱ्हाडातील मूर्तिजापूरचे. दोन घराण्यांच्या गायकीतील स्पर्धा हाच या नाटकाचा विषय असल्यामुळे, त्याच्या निर्मितीविषयी बोलताना केवळ ‘चाली कशा सुचल्या’ एवढे विचारून भागत नाही. एकाच संगीतकाराने दोन भिन्न गायकी कानाला वेगळ्या वाटाव्यात यासाठी काय केले, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर गळ्यानेच देता येते. छापील मुलाखतीपेक्षा नभोवाणी येथे निःसंशय वरचढ ठरते.

वऱ्हाडाच्या संदर्भात आणखी एक नाव घेतले पाहिजे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) यांनी वऱ्हाडात, मुख्यतः बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव (जामोद) येथे, वकिली केली. वीरतनय (१८९६) या नाटकापासून त्यांनी पारशी-उर्दू रंगभूमीवरील व इतर नव्या चाली मराठी नाटकात आणल्या आणि कीर्तन, लावणी, साकी, दिंडी यांवर पोसलेल्या कानांना धक्का दिला. कोणती चाल कोठे ऐकली, ती वऱ्हाडातल्या वकिलाच्या घरापर्यंत कशी पोहोचली आणि तिच्यावर शब्द बसविताना काय ओढाताण झाली, हे त्यांना ध्वनिक्षेपकापुढे बसवून विचारणारा कोणी असता, तर मराठी संगीत नाटकाच्या इतिहासातील एक मोठे स्थित्यंतर त्याच्या कर्त्याच्या आवाजात उपलब्ध झाले असते. त्यांच्या मृत्यूच्या वेळी मुंबईचे केंद्र सात वर्षांचे होते. नागपूरचे केंद्र निघावयास (१६ जुलै १९४८) अजून चौदा वर्षे होती.

श्रोत्याचे स्थान : मुलाखतकाराने प्रथम विचारात घ्यावयाचा तो शहरातील रसिक नव्हे. खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजा यासारख्या गावाचे उदाहरण या दृष्टीने बोधक ठरेल. नाटक कंपन्या दौऱ्यावर निघत त्या रेल्वेच्या व कापसाच्या पेठांच्या आधाराने. रेल्वेपासून दूर असलेल्या गावच्या हौशी माणसांना बैलगाडी जुंपून तालुक्याच्या गावी जावे लागे. कंपन्या बंद पडल्यावर तेही संपले. पुढच्या पिढ्यांना नाट्यपद माहीत झाले ते नभोवाणीवरून व ध्वनिमुद्रिकांवरून. नाटक मात्र अनेकांनी पाहिलेलेच नसे. अशा श्रोत्यापुढे ‘दुसऱ्या अंकातील तो प्रवेश’ असे म्हणून पुढे जाणे म्हणजे त्याला दाराबाहेर उभे करणे होय. प्रवेशात कोण कोठे उभे आहे, कोण कोणावर रुसले आहे, दिवा कोठे आहे, हे मुलाखतकाराने दोन वाक्यांत सांगितले, की मागून येणारे पद ऐकणाऱ्याला नाटकातले पद म्हणून ऐकू येते. एरवी ती केवळ एक चीज राहते.

याला एक तांत्रिक बाजूही आहे. या परिसरापासून नागपूर सरळ रेषेत पावणेतीनशे किमी.च्या आसपास, तर मुंबई चारशे किमी.हून दूर. मध्यम तरंगांवरील प्रक्षेपण दिवसा भूपृष्ठालगत जाणाऱ्या तरंगांनी पोहोचते. रात्री आयनांबरावरून परावर्तित होऊन येणारे तरंगही त्यांत मिसळतात. अशा मधल्या अंतरावर दोहोंची गाठ पडून आवाज कधी भरून येतो, तर कधी विरतो. संगीतविषयक कार्यक्रम बहुधा रात्रीच असत. म्हणजे पाहुण्याचे नाव आरंभी एकदा सांगून थांबणे धोक्याचे. नेमक्या त्या क्षणी आवाज विरला असेल, तर श्रोता अर्धा तास कोणा अनामिकाचे बोलणे ऐकत राहणार. नाव, नाटक व पाहुण्याचे त्या नाटकातील काम यांचा दर सहा-सात मिनिटांनी सहज उल्लेख करण्याची नभोवाणीवरील रीत या अडचणीतून अधिक दृढ झाली. जळगाव (खानदेश) येथे १९७६ मध्ये केंद्र निघाल्यावर व पुढे अकोल्यासही आकाशवाणी आल्यावर या भागातील श्रोत्याची ही अडचण पुष्कळशी कमी झाली. रीत मात्र उपयुक्त म्हणून टिकली.

पूर्वतयारी व प्रश्न : नाटक पाहणे शक्य असल्यास पाहावे, नसल्यास संहिता वाचावी, उपलब्ध ध्वनिमुद्रिका ऐकाव्यात, हे सांगावयास नको. त्याहून अधिक उपयोगाची गोष्ट म्हणजे संहिता व ध्वनिमुद्रिका यांत जेथे फरक आढळेल तेथे खूण करणे. छापील पदात तीन कडवी आणि ध्वनिमुद्रिकेत एकच. पुस्तकात एक ताल आणि गाण्यात दुसरा. पहिल्या आवृत्तीत असलेले पद पुढच्या आवृत्तीत नाहीसे झालेले. प्रत्येक फरकामागे तालमीतील किंवा प्रयोगातील एखादी घटना असते. ‘आपणांस प्रेरणा कोठून मिळाली?’ या प्रश्नाला पाहुण्याजवळ शंभरदा दिलेले तयार उत्तर असते. ‘हे पद तिसऱ्या अंकातून दुसऱ्या अंकात का आणले?’ या प्रश्नाला ते नसते. पाहुणा क्षणभर थांबतो, आठवतो, कधी हसतो, आणि तेथून मुलाखत सुरू होते.

संगीत नाटकाच्या संदर्भात जगभर विचारला जाणारा मूलभूत प्रश्न आहे, आधी शब्द की आधी चाल? अमेरिकन संगीतकार रिचर्ड रॉजर्स (१९०२–७९) यांच्या कारकीर्दीत दोन्ही पद्धती आढळतात. लोरेंझ हार्ट यांच्याबरोबर काम करताना बहुधा आधी चाल होई व मग शब्द. ऑस्कर हॅमरस्टाइन यांच्याबरोबर ओक्लाहोमा! (१९४३) पासून आधी शब्द लिहिले जाऊ लागले व गीत कथानकात अधिक घट्ट विणले गेले. मराठीत किर्लोस्कर-कोल्हटकरांच्या काळी तयार चालीवर पद रचणे हाच नियम होता. नाटककारच पदकार असल्यामुळे शब्द व चाल यांचा झगडा एकाच डोक्यात मिटत असे. पुढे नाटककार, पदकार व संगीत-दिग्दर्शक हे तिघे वेगळे झाले; झगडा तालमीच्या जागेत आला. मुलाखतीला खरा विषय मिळतो तो येथे. पण हा प्रश्न ढोबळपणे विचारला, तर ‘कधी असे, कधी तसे’ हे खरे व निरुपयोगी उत्तर मिळते. तो एका पदापुरता, शक्य तर एका ओळीपुरता विचारावा. कोणता शब्द चालीसाठी बदलला आणि कोणती तान शब्दासाठी सोडली, हे विचारावे.

पैशाविषयी विचारण्याचा आपल्याकडे संकोच आहे. वस्तुतः संगीत नाटकाचा इतिहास हा बराचसा हिशेबाचा इतिहास आहे. गायक नटांचे पगार, साथीदारांचा ताफा, पडदे व पोशाख, मुक्कामाचा खर्च यांखाली मोठमोठ्या मंडळ्या दबल्या. वाद्यमेळ लहान का झाला, पदे का घटली, प्रयोग तीन तासांत का बसवावा लागला, या प्रश्नांची निम्मी उत्तरे सौंदर्यविचारात आणि निम्मी तिकीटविक्रीत आहेत. मुलाखतकाराने रकमा विचारू नयेत. पण साथीला किती माणसे होती व नंतर किती उरली, हे अवश्य विचारावे.

गाणे व वेळ : शाकुंतलमध्ये सु. दोनशे पदे होती आणि त्या काळचे प्रयोग रात्रभर चालत. गंधर्वयुगात रंगलेले एक पद ‘वन्स मोअर’ घेत पाव तास किंवा त्याहून अधिक लांबे. तेच पद ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकेवर सु. तीन मिनिटांत संपवावे लागे. तीन मिनिटांच्या त्या रूपालाच पुढच्या पिढ्या मूळ पद समजू लागल्या. थेट मुलाखतीत पाहुण्याला गावयास सांगितले, म्हणजे यांपैकी कोणते पद तो गाणार, हा प्रश्न उभा राहतो. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात सर्व मिळून दहा-अकरा मिनिटांपलीकडे गाण्याला देता येत नाहीत. अनुभवी मुलाखतकार म्हणून पूर्ण पद मागत नाही. तो मुखडा मागतो. मूळ चिजेचा मुखडा व त्यावर बेतलेल्या पदाचा मुखडा पाठोपाठ मागतो. किंवा तालमीत टाकून दिलेली चाल मागतो. वीस सेकंदांच्या अशा दोन तुकड्यांतून श्रोत्याला जे कळते ते वीस मिनिटांच्या विवेचनातून कळेलच असे नाही. पूर्ण पद ऐकवावयाचेच, तर शेवटी ठेवावे. म्हणजे वेळ उरल्यास ते फुलते आणि न उरल्यास निवेदकाला ते क्षीण करीत नेता येते.

पट्टीचा विचार आधीच करून ठेवणे अत्यावश्यक असते. पुरुष गायकाची पट्टी सामान्यतः काळी एकच्या आसपास, तर स्त्री-गायिकेची काळी चार वा पाचच्या आसपास असते. संगीत-दिग्दर्शक पुरुष असून पद नायिकेचे असेल, तर तो ते स्वतःच्या पट्टीत गाऊन दाखविणार. सोबत मूळ गायिकाही पाहुणी असेल, तर दोन पट्ट्या लागणार. तंबोरा जुळवून घेण्यात व तबला चढविण्यात प्रक्षेपणातील दोन मिनिटे जातात आणि नभोवाणीवरील दोन मिनिटांची शांतता ऐकणाऱ्याला यंत्र बिघडल्यासारखी वाटते. दोन तंबोरे व दोन तबले आधी जुळवून ठेवणे हाच उपाय. ध्वनिक्षेपणगृहातील वातानुकूलनाने तारांचा स्वरही बदलतो आणि तबल्याची शाईही आपला स्वभाव बदलते. म्हणून वाद्ये निदान अर्धा तास आधी आत आणून ठेवतात.

रंगमंचावर आयुष्य घालविलेल्या नटाला ध्वनिक्षेपणगृह प्रथम अस्वस्थ करते. भिंती आवाज शोषून घेतात. प्रतिध्वनी येत नाही. समोर प्रेक्षक नाही. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकण्याची सवय असलेला गळा हातभर अंतरावरील ध्वनिक्षेपकापुढे आला, की यंत्राचा काटा उडतो. बोलण्यासाठी व गाण्यासाठी वेगळे ध्वनिक्षेपक ठेवणे, पाहुणा गाऊ लागताच किंचित मागे सरेल अशी खूण ठरविणे, बांगड्या व कागद यांचा आवाज येणार नाही याची दक्षता घेणे, या गोष्टी लहान आहेत. पण थेट प्रक्षेपणात त्यांची दुरुस्ती नंतर करता येत नाही. तांबडा दिवा लागल्यानंतर काचेपलीकडील अभियंता व मुलाखतकार यांच्यात हातांची भाषा चालते. पाहुण्याला ती आधी समजावून न दिल्यास तो वाक्य अर्धवट सोडून ‘काय झाले?’ असे विचारतो. तेही मग प्रक्षेपित होते.

संबोधन व मर्यादा : संगीत क्षेत्रात वडीलधाऱ्या गायकाला ‘बुवा’, चाली देणाऱ्याला किंवा पेटीवाल्याला ‘मास्तर’, गायिकेला ‘बाई’ किंवा ‘ताई’, मुसलमान उस्तादाला ‘खाँसाहेब’ म्हणण्याची पद्धत आहे. मुलाखतकार स्वतः त्या वर्तुळातला असेल, तर ही संबोधने ओठांवर येतातच आणि ती कृत्रिमपणे टाळू नयेत. मात्र श्रोत्यासाठी पूर्ण नाव सोबत यावे. अतिनम्रतेमुळे होणारे नुकसान अधिक मोठे आहे. गुरूपुढे बसल्यासारखा मुलाखतकार प्रश्नाऐवजी स्तुती करतो. पाहुणा संकोचून ‘आपली कृपा’ म्हणतो. आणि तीस मिनिटे अशीच जातात. आदर राखूनही ‘त्या प्रयोगात हे पद पडले, असे म्हणतात; कशामुळे पडले असावे?’ असे विचारता येते. बहुतेक जाणत्या कलावंतांना यशापेक्षा अपयशाविषयी अधिक बारकाईने बोलता येते, असा अनुभव आहे. वऱ्हाडातून किंवा गोव्यातून आलेला पाहुणा बोलण्याच्या भरात आपल्या बोलीवर आला, तर त्याला प्रमाण भाषेकडे ओढून आणण्याचा मोहही टाळावा. वाक्य बोलीत आले, की आठवणही बहुधा खरी आलेली असते.

थेट प्रक्षेपणातील मुख्य जोखीम श्रेयाच्या वादाची असते. अमुक चाल अमक्याची म्हणून प्रसिद्ध असली तरी ती आपण दिली, असा दावा कोणी अचानक करतो. ज्याच्याविषयी तो असतो ती व्यक्ती हयात नसते किंवा उत्तर देण्यास तेथे नसते. संगीत नाटकात हा प्रसंग विशेष संभवतो, कारण चाल अनेकांच्या हातून घडते : मूळ बंदिश एकाची, निवड दुसऱ्याची, नाटकातील रूप तिसऱ्याचे आणि लोकप्रिय झालेली जागा चौथ्याच्या गळ्यातील. मुलाखतकाराने न्यायनिवाडा करू नये व विषयही तोडू नये. ‘आपल्या आठवणीप्रमाणे ती तालीम कशी झाली?’ असे विचारून दाव्याचे रूपांतर वर्णनात करणे, हा त्यातल्या त्यात चांगला मार्ग. वर्णन तपासता येते, दावा तपासता येत नाही. बदनामीकारक विधाने व व्यापारी जाहिरात टाळण्याविषयी आकाशवाणीचे नियम आहेत. चालू नाटकाच्या प्रयोगाची तिकिटे कोठे मिळतात हे पाहुणा सांगू लागल्यास त्याला हळुवारपणे पुन्हा नाटकाकडे आणावे लागते.

दूरध्वनीवरून श्रोत्यांना सहभागी करून घेण्याची सोय झाल्यानंतर अशा मुलाखतींना नवे परिमाण मिळाले. दूरध्वनी करणारे पुष्कळसे फर्माईश करतात, हे खरे. परंतु अधूनमधून एखादा वृद्ध श्रोता असा निघतो, की ज्याने तालुक्याच्या गावी तंबूत किंवा पत्र्याच्या नाट्यगृहात तो प्रयोग प्रत्यक्ष पाहिलेला असतो आणि पाहुण्याला न आठवणारे सालही तो सांगून जातो. त्याला ‘धन्यवाद’ म्हणून लवकर निरोप देणे ही नित्याची चूक होय.

जतन : थेट मुलाखत बोलताक्षणीच संपते. आकाशवाणीने १९५४ मध्ये दिल्लीस ध्वनिलेखन व कार्यक्रम-विनिमय सेवा स्थापन केली आणि महत्त्वाच्या व्यक्तींचे आवाज साठविण्यास आरंभ केला. तथापि जगातील बहुतेक नभोवाणी संस्थांप्रमाणे येथेही ध्वनिफिती महाग असल्याने पुसून पुन्हा वापरल्या जात. प्रादेशिक केंद्रांवरील मुलाखतींना याची झळ अधिक लागली. ज्या टिकल्या त्यांतील काहींवर दिनांक नाही, काहींवर पाहुण्याचे नाव आहे तर मुलाखतकाराचे नाही, आणि साथीदारांची नावे तर क्वचितच आढळतात. संगणकीय ध्वनिमुद्रणामुळे साठवणुकीचा खर्च आता नगण्य झाला आहे. आकाशवाणीचे कार्यक्रम भ्रमणध्वनीवरही ऐकता येतात आणि पिंपळगाव राजा येथील श्रोता नागपूरचे, पुण्याचे किंवा मुंबईचे केंद्र आवाज न विरता लावू शकतो. नोंदीचे काम मात्र यंत्र करीत नाही. प्रक्षेपणाचा दिनांक व वेळ, केंद्र, बोलणारे व साथ करणारे यांची नावे, उल्लेख झालेली नाटके, गाऊन दाखविलेल्या तुकड्यांचे राग-ताल आणि पाहुण्याने मूळ चीज म्हणून जिचा निर्देश केला तिची माहिती, एवढे एका कागदावर त्याच रात्री लिहून फितीबरोबर किंवा संचिकेबरोबर ठेवण्यास पंधरा मिनिटे लागतात. हे काम मुलाखतकारानेच करावे. कारण कोणता तुकडा कशासाठी गायला गेला, हे पाहुण्याखालोखाल त्यालाच माहीत असते.